आधी बिल वाचा, मग छताकडे पाहा
घरगुती सौरवीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

गल्लीतल्या एका गच्चीवर सौर पॅनेल चढली की थोड्याच दिवसांत शेजारच्या दोन-चार गच्च्यांवर टेप घेऊन मोजमाप सुरू होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना' आली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठरले आणि या हालचालीला वेग आला. खर्च लाखाच्या घरातला आणि व्यवहार पंचवीस वर्षांचा. तरी निर्णय बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या सांगण्यावर किंवा फोनवर आलेल्या जाहिरातीवर होतो. त्यातून काही समज पक्के झाले आहेत. ते एकेक तपासून पाहू.

गैरसमज १ : गच्चीवर सोलर असले की लाइट गेली तरी आपले घर चालू राहते.

वस्तुस्थिती : अनुदानातून बसणारे बहुतेक संच 'ऑनग्रिड' असतात, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याशी जोडलेले. जाळ्यातली वीज गेली की त्यांचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, मग बाहेर भर दुपारचे लख्ख ऊन का असेना. हा दोष नव्हे, सुरक्षेची सोय आहे. तुमच्या गच्चीवरची वीज बाहेरच्या तारांत वाहत राहिली, तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनच्या जिवाशी खेळ होईल.

लाइट गेल्यावरही वीज हवी असेल, तर बॅटरीसह 'हायब्रिड' संच घ्यावा लागतो. त्याचा खर्च बराच वाढतो. शिवाय अनुदान पॅनेलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही. लेड-ॲसिड बॅटऱ्या चार-पाच वर्षांत बदलाव्या लागतात. लिथियमच्या जास्त टिकतात, पण महाग पडतात. तुमच्या भागात वीज दिवसाकाठी तासन्‌तास जात असेल तर हायब्रिडचा विचार जरूर करा. महिन्यातून चार-दोनदा थोडा वेळ जात असेल, तर ऑनग्रिड संच आणि पंखे-दिव्यांपुरता घरातला जुना इन्व्हर्टर एवढे पुरते.

गैरसमज २ : सोलर बसवले की बिल शून्य.

वस्तुस्थिती : विजेचे युनिट शून्यावर येऊ शकतात, बिल शून्यावर येईलच असे नाही. जोडणी आहे तोवर स्थिर आकार भरावाच लागतो. दिवसा पॅनेल जी वीज तयार करतात ती आधी घरात वापरली जाते, उरलेली जाळ्यात जाते. संध्याकाळनंतर तुम्ही जाळ्यातून वीज घेता. नेट मीटर या दोन्हींची नोंद ठेवतो आणि फरकाचे बिल येते.

उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. हा हिशेब आर्थिक वर्षाचा असतो, ३१ मार्चला संपतो. महाराष्ट्राच्या हवामानाला ही पद्धत सोयीची आहे : एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत कामी येतात. वर्षअखेरीस जे शिल्लक राहतात त्यांचे पैसे मात्र तुम्ही विजेसाठी मोजता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने मिळतात. वीज विकून कमाई करू, हा हिशेब म्हणूनच घरगुती ग्राहकाने मांडू नये. नेट मीटरचे आणि दिवसा-रात्रीच्या दरांचे नियम वीज नियामक आयोग वेळोवेळी बदलतो. अर्ज करताना त्या वेळचे नियम पाहून घ्या.

गैरसमज ३ : जेवढा मोठा संच तेवढा फायदा.

वस्तुस्थिती : आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त आणि ३०० च्या पुढे आणखी वरचा. सौरवीज तुमच्या वापरातले सर्वांत वरचे, म्हणजे सर्वांत महागडे युनिट आधी कापते. त्यामुळे महिन्याला ३५० युनिट वापरणाऱ्या घराला पहिल्या किलोवॅटचा जेवढा फायदा होतो, तेवढा तिसऱ्याचा होत नाही. ज्यांचा वापरच ८०-९० युनिट आहे, त्यांचे स्वस्त युनिट वाचतात आणि पैसे वसूल व्हायला अधिक वर्षे लागतात.

महाराष्ट्रात १ किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी ४ युनिट, म्हणजे महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतो. गेल्या बारा महिन्यांच्या बिलांतले युनिट मिळवा, बाराने भागा आणि आलेल्या सरासरीला ११० ने भागा. सरासरी ३२० असेल तर ३ किलोवॅट पुरे. एकाच महिन्याचे बिल धरू नका. मेचे धरले तर संच मोठा निघेल, डिसेंबरचे धरले तर छोटा. येत्या वर्षा-दोन वर्षांत एसी किंवा विजेवरची गाडी घ्यायची असेल तर तो वापर मिळवा. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही पाहा. संच त्याहून मोठा असेल तर भार वाढवून घ्यावा लागतो.

गैरसमज ४ : ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, आणि पावसाळ्यात सगळे बंद.

वस्तुस्थिती : पॅनेल प्रकाशापासून वीज करते, उष्णतेपासून नाही. उष्णतेवर पाणी तापवतो तो सौर बंब. दोन्ही गच्चीवर असतात, म्हणून लोक गल्लत करतात. पॅनेलला उष्णता उलट मानवत नाही. त्याची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्याच्या वर दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के घट होते. विदर्भातल्या मेमध्ये पॅनेलचे स्वतःचे तापमान ६५ अंशांच्या आसपास गेले, तर त्या घडीची घट १२ ते १६ टक्के भरते. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खाली वारा खेळेल एवढी जागा सोडतात.

पावसाळ्यात उत्पादन बरेच घटते, पण ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावरही थोडी वीज होतच राहते. आपल्याहून कितीतरी कमी ऊन असलेला जर्मनीही सौरविजेत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे.

गैरसमज ५ : टाकीची थोडी सावली पडते, त्याने काय बिघडते?

वस्तुस्थिती : बरेच बिघडते. पॅनेल एकामागोमाग एक अशी माळेत जोडलेली असतात. एकाच गाड्याला जुंपलेल्या बैलांतला एक थकला की सगळ्यांची चाल मंदावते, तसे एका पॅनेलवरची सावली पूर्ण माळेचा प्रवाह रोखू शकते. पॅनेलमधले बायपास डायोड नुकसान कमी करतात, ते टाळू शकत नाहीत. सावली टाळता येण्यासारखी नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर लावता येतो, पण खर्च वाढतो.

सावली वर्षभर सारखी नसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे खाली उतरतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा हिवाळ्यात नारळाच्या किंवा शेजारच्या इमारतीच्या सावलीत जाऊ शकते. पॅनेलचे तोंड दक्षिणेला असणे उत्तम. तशी जागा नसेल तर पूर्व किंवा पश्चिमही चालते, काही टक्के उत्पादन कमी मिळते. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी जागा धरा.

गैरसमज ६ : सरकार सगळे फुकट देते, किंवा अनुदान कंत्राटदारच वळते करून देतो.

वस्तुस्थिती : अनुदान १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये. त्यापुढे क्षमता वाढवली तरी अनुदान वाढत नाही. गृहनिर्माण संस्थांना जिन्यातले दिवे, लिफ्ट, पाण्याचे पंप अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. तेव्हा सोलर फक्त बंगलेवाल्यांसाठी, हेही खरे नाही.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, वीजबिल ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने करायचा. संच बसला, नेट मीटर लागला, तपासणी झाली की अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते. 'अनुदानाचे मी बघतो, फक्त ओटीपी सांगा' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातले सेलही भारतात बनलेले असावे लागतात. व्यवहारात यांना 'डीसीआर' पॅनेल म्हणतात. दरपत्रकात हा शब्द नसेल तर विचारा, कारण बिगर-डीसीआर पॅनेल स्वस्त असतात आणि दोन दरपत्रकांतली तफावत बहुधा तिथेच लपलेली असते.

गैरसमज ७ : जास्त वॉटचे पॅनेल म्हणजे चांगले, आणि सगळ्यावर पंचवीस वर्षांची हमी.

वस्तुस्थिती : ५४० वॉटचे पॅनेल ३३५ च्या पॅनेलहून प्रामुख्याने आकाराने मोठे असते. तुलना पॅनेलच्या किमतीची नाही, प्रति वॉट किमतीची करा. मागूनही प्रकाश घेणारी 'बायफेशियल' पॅनेल पांढऱ्या रंगवलेल्या गच्चीवर उंच बसवली तर उपयोगी. पत्र्याला लागून बसवली तर मागच्या बाजूचे पैसे वाया जातात.

पंचवीस वर्षांची हमी असते ती पॅनेलच्या उत्पादनक्षमतेची : इतक्या वर्षांनी ते मूळ क्षमतेच्या साधारण ८० टक्क्यांच्या खाली जाणार नाही, एवढीच. पॅनेलच्या बनावटीतल्या दोषांची हमी बहुधा १०-१२ वर्षे आणि इन्व्हर्टरची ५ ते १० वर्षे असते. म्हणजे संचाच्या आयुष्यात इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल, हे धरूनच चाला.

गैरसमज ८ : एकदा बसवले की पुन्हा बघायला नको.

वस्तुस्थिती : धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा उत्पादन खाते. कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनेल धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचे जड पाणी पांढरे डाग सोडते, ते वापरलेच तर लगेच पुसा.

पॅनेलचा सांगाडा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणात घरांचे पत्रे उडून गेले होते. उंचावर तिरकी बसवलेली पॅनेल वाऱ्याला शिडासारखी सापडतात. सांगाडा गॅल्वनाइज्ड लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा हवा, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत आणि स्लॅबला छिद्रे पाडली असतील तर ती गळणार नाहीत अशी बुजवलेली हवीत. वीजरोधक आणि अर्थिंग यांत काटकसर करू नका. योजनेतल्या नोंदणीकृत विक्रेत्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. ती करारात लिहून घ्या.

योग्य मापाचा आणि सावलीविना बसवलेला संच ३०० युनिटांच्या आसपास वापर असलेल्या घरात साधारण तीन ते पाच वर्षांत पैसे वसूल करून देतो. त्यानंतरची वीज जवळपास देखभालीच्या खर्चातच पडते. म्हणून विक्रेत्याला फोन करण्याआधी दोन कामे उरका : बारा महिन्यांची बिले एका ठिकाणी काढा आणि सकाळी नऊ, दुपारी बारा व तीनला गच्चीवर जाऊन सावल्या पाहा. मग किमान तीन दरपत्रके मागवा. बिल आणि छत न पाहता फोनवरच 'तीन किलोवॅट घ्या' म्हणणाऱ्याचे दरपत्रक बाजूला ठेवा.