प्रोसेसर बदलावा की मदरबोर्ड? सॉकेटच्या आयुष्याचा मागोवा

पाच-सात वर्षे वापरलेला डेस्कटॉप संगणक कामाला अपुरा पडू लागला की त्याच्या मालकापुढे दोन मार्ग असतात. एक तर आहे त्याच मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाचे सर्व भाग ज्याला जोडलेले असतात त्या मुख्य सर्किट बोर्डवर, अधिक सक्षम प्रोसेसर बसवायचा. नाहीतर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि बहुतेक वेळा रॅमही एकदम बदलून सगळा पायाच नवा करायचा. हा निर्णय वरवर पाहता गरजेचा आणि खिशाचा वाटतो. परंतु गेल्या तीन दशकांचा मागोवा घेतला तर असे दिसते की पहिला मार्ग खुला राहणार की नाही, हे पुष्कळदा ग्राहकाच्या हातात नसून उत्पादक कंपनीच्या धोरणाने ठरत आले आहे.

प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘सॉकेट ७’ या एकाच खोबणीत इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के६ आणि सायरिक्सचा ६एक्स८६ असे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रोसेसर बसू शकत होते. १९९७मध्ये इंटेलने पेंटियम २साठी ‘स्लॉट १’ ही स्वतःची वेगळी रचना आणली, पुढे एएमडीनेही आपली वाट निराळी केली आणि सामायिक सॉकेटचा काळ संपला. याच सुमारास भारतातही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग घेऊन संगणक जुळवून घेण्याची पद्धत रुजत होती. त्यामुळे मदरबोर्ड निवडताना प्रोसेसरची कंपनीही निवडली जाते, हे वास्तव येथील ग्राहकालाही स्वीकारावे लागले.

पुढचा मोठा बदल रॅमशी निगडित होता. रॅमशी देवाणघेवाण करणारा नियंत्रक पूर्वी मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर आणि इतर भाग यांच्यात दुवा साधणाऱ्या चिपमध्ये असे. एएमडीने २००३च्या अॅथलॉन ६४पासून आणि इंटेलने २००८च्या पहिल्या कोअर आय७पासून तो प्रोसेसरमध्येच सामावून घेतला. त्याने संगणकाचा वेग वाढला, मात्र रॅमची पिढी बदलली की प्रोसेसरही बदलणे अपरिहार्य झाले. असे असले तरी २००९मधील एएमडीच्या एएम३ प्रोसेसरांमध्ये डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्ही पिढ्यांच्या रॅमची सोय होती आणि ते योग्य बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील मूलभूत प्रोग्रॅम, असलेल्या आधीच्या एएम२+ सॉकेटच्या मदरबोर्डवरही चालत. जुन्या मालकाला सांभाळून घेणे तंत्रदृष्ट्या शक्य असते, हे त्यातून दिसले.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका काळ २०१७पासून सुरू होतो. तोपर्यंत इंटेलच्या सर्वसामान्य डेस्कटॉप मालिकेतील सर्वांत वरचा प्रोसेसर वर्षानुवर्षे चार कोअरचा, म्हणजे स्वतंत्रपणे गणन करणाऱ्या चार घटकांचा राहिला होता. २०११चा आय७-२६००के आणि जानेवारी २०१७चा आय७-७७००के यांच्यात वेगाचा फरक होता, पण कोअरची संख्या तीच होती. मार्च २०१७मध्ये एएमडीने एएम४ सॉकेटवर आठ कोअरचे रायझन प्रोसेसर आणले आणि हा सॉकेट २०२०पर्यंत चालू ठेवण्याचा मनोदय जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलने सहा कोअरच्या आठव्या पिढीने उत्तर दिले. परंतु तिचा सॉकेट नावाने पूर्वीचाच एलजीए ११५१ असला तरी त्यासाठी नव्या ३०० मालिकेच्या चिपसेटचा मदरबोर्ड आवश्यक ठरला. वीजपुरवठ्यासाठी पिनांची मांडणी बदलावी लागली, असे कारण कंपनीने दिले; पुढे काही हौशी तंत्रज्ञांनी थोडे फेरबदल करून जुन्या मदरबोर्डवर हे प्रोसेसर चालवून दाखवले.

एएम४चा प्रवासही सरळ नव्हता. मदरबोर्डवरील लहानशा चिपमध्ये बायोस साठवलेला असतो. संगणक सुरू होताना प्रोसेसर ओळखण्याचे आणि सर्व भाग जागे करण्याचे काम हा मूलभूत प्रोग्रॅम करतो. प्रत्येक नव्या पिढीसाठी त्यात भर घालावी लागते आणि अनेक जुन्या मदरबोर्डवर त्यासाठीची जागा अपुरी होती. मे २०२०मध्ये एएमडीने हेच कारण पुढे करून आगामी ‘झेन ३’ रचनेचे रायझन प्रोसेसर फक्त आपल्या ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालतील असे सांगितले. ग्राहकांनी तीव्र नाराजी व्यक्त केल्यावर त्याच महिन्यात ४०० मालिकेलाही मुभा देण्याचे जाहीर झाले आणि २०२२मध्ये ती ३०० मालिकेपर्यंत पोहोचली. जी अडचण तांत्रिक म्हणून मांडली गेली, तिच्यावर आग्रहापोटी मार्ग निघाला, ही या सगळ्या इतिहासातील कळीची घटना मानावी लागेल.

तिचा परिणाम पाहण्यासाठी २०१७मध्ये घेतलेले दोन संगणक शेजारी ठेवून पाहावेत. आय७-७७००के असलेल्या संगणकात तोच त्या मदरबोर्डचा शेवटचा टप्पा होता. पहिल्या पिढीचा रायझन घेतलेल्या मालकाला मात्र त्याच मदरबोर्डवर, तीच डीडीआर४ रॅम ठेवून, एप्रिल २०२२मध्ये आलेला रायझन ७ ५८००एक्सथ्रीडी बसवता येऊ लागला. कॅश म्हणजे प्रोसेसरच्या अगदी निकट असलेली अतिवेगवान स्मृती. या प्रोसेसरमध्ये तिचा एक थर मूळ चिपवर रचून तिसऱ्या पातळीची कॅश ३२वरून ९६ मेगाबाइटपर्यंत नेली होती. त्याचा मोठा लाभ खेळांना झाला, तर चित्रफितींच्या प्रक्रियेसारख्या कामांत १२ किंवा १६ कोअरचे प्रोसेसर सरस ठरले.

याच काळात सॉफ्टवेअरचे बंधन पुढे आले. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ने सुरक्षेसाठी टीपीएम २.० ही सोय अनिवार्य केली. शिवाय अधिकृत यादीत साधारणपणे इंटेलची आठवी पिढी व रायझनची २००० मालिका यांपासून पुढचेच प्रोसेसर घेतले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित पाठिंबा संपला, तेव्हा वरील दोन्ही संगणक मूळ रूपात यादीबाहेर होते. त्यांपैकी एकाला केवळ प्रोसेसर आणि बायोस बदलून यादीत येता आले; दुसऱ्याच्या मालकाला मदरबोर्ड बदलणे, लिनक्सकडे वळणे किंवा तात्पुरती मुदतवाढ घेणे एवढेच पर्याय उरले. कार्यक्षम यंत्र वेगाअभावी नव्हे, तर यादीत नाव नसल्याने बाद ठरावे, ही बाब ग्राहक आणि पर्यावरण या दोघांवरही अन्याय करणारी आहे.

दरम्यान नवे सॉकेटही आले. एएमडीचा सप्टेंबर २०२२मधील एएम५ सॉकेट केवळ डीडीआर५ रॅम स्वीकारतो; इंटेलच्या एलजीए १७००ने मात्र डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारच्या मदरबोर्डना वाव दिला आणि तीन पिढ्यांनंतर २०२४मध्ये त्याची जागा एलजीए १८५१ने घेतली. २०२५च्या उत्तरार्धात डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव चढल्यावर जुनी रॅम वापरात ठेवू देणारा प्रोसेसरबदल पुन्हा मोलाचा ठरला.

या साऱ्या अनुभवातून निर्णयाचा एक क्रम हाती लागतो. प्रथम अडथळा खरोखर प्रोसेसरचा आहे, की हार्ड डिस्कचा, अपुऱ्या रॅमचा किंवा ग्राफिक्स कार्डचा, हे कामाच्या वेळी मोजून पाहावे. तो प्रोसेसरचाच असेल, तर मदरबोर्ड-निर्मात्याच्या यादीत कोणते प्रोसेसर व कोणता बायोस आहे, मदरबोर्डचा वीज नियंत्रित करणारा भाग आणि कूलर नव्या प्रोसेसरला पुरतील का, हे तपासावे. बायोस जुना प्रोसेसर काढण्यापूर्वीच अद्ययावत करावा. कोअर दुपटीने वाढणार असतील किंवा दोन-तीन पिढ्यांचे अंतर पार होणार असेल, तर प्रोसेसर बदलणे श्रेयस्कर. एकाच पिढीच्या फरकासाठी किंवा यादीच्या टोकाशी पोहोचलेल्या मदरबोर्डवर पैसे घालण्यापेक्षा ते नव्या पायासाठी राखावेत. तसा नवा पाया निवडताना प्रोसेसरच्या वेगाइतकाच सॉकेटला किती वर्षे पाठिंबा मिळणार, याचा लेखी शब्द ग्राहकाने मागितला पाहिजे, कारण २०२०मध्ये असा आग्रह धरला गेला म्हणूनच असंख्य मदरबोर्डांचे आयुष्य वाढले.