छोट्या इंजिनाची चाल

पुण्यात कोथरूडला १९९८ सालापासून असलेले जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला मामाने १:८७ मापाचे इंजिन दिले. ते सुटताना हिसका देई आणि चढावर अडे. मोटार बिघडली असे समजून मुलगा खिन्न झाला. उदयनगरात दुसरी मिळणे नाही.

दोष मोटारीचा नव्हता. या पद्धतीत रुळांतून वीज आणि हुकूम एकत्रच धावतात. इंजिनातील डीकोडर आपला हुकूम ओळखून मोटारीला वीज पुरवितो. मधूनच तो क्षणभर वीज थांबवितो. तेव्हा फिरती मोटार स्वतःच जनित्र बनते व तिच्या उलट दाबावरून डीकोडरला खरा वेग कळतो. चढावर वेग घटला की तो वीज वाढवितो. पातालपाणीच्या घाटात चालक हाताने जे करी, तेच हे.

वीज किती तत्परतेने वाढवावी, याचा आकडा डीकोडरच्या स्मृतीत असतो. त्याचा कप्पा निर्मात्यागणिक निराळा. म्हणून मूळ आकडा आधी टिपून ठेवावा. आम्ही प्रथम चाके पुसली (पुष्कळसे हिसके मळाचेच असतात!). वेग घेण्याच्या व सोडण्याच्या संथपणाचे तिसरा व चौथा कप्पे शून्यावर आणले, कारण दोष त्यांच्याआड लपतो. दुसऱ्या कप्प्यातील आरंभीचा दाब उतरविला, तेव्हा हिसका गेला. मग तत्परता थोडीथोडी वाढविली. मंद चालीत इंजिन थरथरू लागताच एक पाऊल मागे आलो.

शेवटी तिसरा व चौथा कप्पे पुन्हा भरले. पाच डबे ओढीत इंजिन माथ्यावर पोहोचेपर्यंत मुलगा एक शब्द बोलला नाही.