न ओळखता लागलेला शोध

18 मार्च 1781 च्या रात्री चार्ल्स मेसिए यांनी पॅरिसहून कन्या राशीत एक अंधूक ठिपका पाहिला आणि आपल्या यादीत 87 व्या क्रमांकावर ‘तारा नसलेला तेजोमेघ’ म्हणून नोंदवला. ही एम-87, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूरची लंबवर्तुळाकार दीर्घिका. मेसिए धूमकेतू शोधत होते. फसवे ठिपके वेगळे काढण्यासाठीच त्यांची यादी होती. मग याला शोध कसे म्हणावे, असा आक्षेप रास्त वाटतो. पण शोध म्हणजे केवळ उलगडा नव्हे. जागा आणि रूप अचूक नोंदवले, की पुढच्याला तिथेच पुन्हा पाहता येते.

तसेच घडले. 1918 मध्ये हेबर कर्टिस यांनी लिक वेधशाळेच्या छायाचित्रांवरून एम-87 च्या गाभ्यातून निघणारी विलक्षण सरळ रेषा नोंदवली. सर्पिल भुजा मात्र त्यांना दिसल्या नाहीत. त्या रेषेचे कारण त्यांनाही ठाऊक नव्हते, तरी नोंद प्रामाणिक होती. आज आपण जाणतो, की तो त्या गाभ्यातील कृष्णविवराच्या परिसरातून सुटलेला कणांचा झोत आहे. त्याच कृष्णविवराची छाया 2019 मध्ये जगाने पाहिली. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 650 कोटी पट आहे.