शेल स्क्रिप्ट व मजकुरी अहवालनिर्मिती

शेल स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञा क्रमाने लिहून ठेवलेली मजकूर-फाइल होय. या आज्ञा वाचून कार्यान्वित करणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. युनिक्स व लिनक्स प्रणालींवर नोंदींच्या फाइलींतून याद्या, बेरजा व तक्ते असलेला साध्या मजकुराचा अहवाल तयार करणे, हा शेल स्क्रिप्टचा एक प्रमुख उपयोग आहे.

इतिहास

डग्लस मॅकिलरॉय यांच्या सूचनेवरून १९७३ मध्ये युनिक्समध्ये ‘पाइप’ची सोय झाली. त्यामुळे एका आज्ञेचे फलित थेट दुसरीकडे सोपवता येऊ लागले. बेल प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तयार झालेल्या ‘ऑक’ भाषेचे नाव आहो, वाइनबर्गर व कर्निहॅन या कर्त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून पडले. बोर्न शेल १९७९ मध्ये, तर ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्यपद्धती

ग्रेप ओळी निवडतो, सेड मजकूर बदलतो आणि सॉर्ट क्रम लावतो. ऑकचा प्रोग्राम नमुना व कृती अशा जोड्यांचा असतो; ओळ नमुन्यात बसल्यास कृती घडते. आरंभीच्या विभागात शीर्षक व अखेरच्या विभागात एकूण बेरीज छापता येते.

उदाहरण

वर्धा शहरालगतचे पिपरी मेघे हे जनगणना नगर आहे. भारतीय जनगणनेत किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि पुरुष मुख्य कामगारांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, हे निकष पूर्ण करणारे, परंतु वैधानिक नागरी दर्जा नसलेले गाव जनगणना नगर ठरते. गावनिहाय फाइलीतील तीन स्तंभांवर या तीन अटी लावणारी ऑकची एकच ओळ अशा गावांची यादी काढू शकते. पुढे सॉर्ट जोडल्यास ती तालुकावार लागते.

देवनागरी मजकुरातील अडचणी

ऑक देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. गणितात ‘५०००’चे मूल्य शून्य धरले जाते, अटींमधील तुलना संख्येऐवजी मजकूर म्हणून होते आणि कोणतीही सूचना न मिळता यादी चुकू शकते. म्हणून गणनेपूर्वी सेडच्या साहाय्याने अंकांचे इंग्रजी अंकांत रूपांतर करणे आवश्यक असते.

दुसरी अडचण स्तंभांच्या रुंदीची आहे. यूटीएफ-८ संकेतनात प्रत्येक देवनागरी चिन्ह ३ बाइट घेते. ‘पिपरी मेघे’ या नावात दिसणारी अक्षरे ५ असली, तरी मात्रा-वेलांट्या व मोकळी जागा धरून चिन्हे १० व बाइट २८ होतात. ‘वर्धा’चे बाइट १५ होतात. बाइट मोजणाऱ्या छपाई-आज्ञेला ३० रुंदीचा स्तंभ सांगितल्यास पहिल्या नावापुढे २, तर दुसऱ्यापुढे १५ जागा सुटतात आणि पुढील आकडे एकाखाली एक येत नाहीत. गावाचे नाव शेवटच्या स्तंभात ठेवणे हा यावरील सोपा उपाय होय.

अपूर्ण अहवालाची शक्यता

पाइपने जोडलेल्या आज्ञांपैकी मधली एखादी निष्फळ ठरली, तरी शेल सामान्यतः केवळ शेवटच्या आज्ञेचे यशापयश कळवतो. परिणामी अपुरा तक्ताही पूर्ण भासतो. बॅशमधील ‘पाइपफेल’ पर्याय सुरू केल्यास असे अपयश उघड होते. याशिवाय वाचलेल्या, निवडलेल्या व वगळलेल्या ओळींची संख्या अहवालाच्या शेवटी छापल्यास मूळ फाइलीशी ताळा पाहता येतो.