गच्चीवरील कुंड्यांतील झाडांचे नुकसान : कारण ओळखा, मगच फवारणी करा

गच्चीवरील परसबागेतील वांगी, मिरची, टोमॅटो किंवा गुलाबाची पाने खराब दिसू लागली, की "काय फवारू?" हा पहिला प्रश्न येतो. बऱ्याचदा शेतातील कापूस किंवा तुरीसाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली घरात असते, तीच वापरली जाते. कुंडीतील मेथी, कोथिंबीर, मिरची दोन दिवसांत ताटात येते. त्यामुळे चुकीच्या निदानाची किंमत येथे शेतापेक्षा जास्त असते.

गेल्या उन्हाळ्यात एका गच्चीवर टोमॅटोची सात-आठ झाडे कोमेजली होती. मालकाने तीन फवारण्या केल्या होत्या. झाड कुंडीतून काढून पाहिले तेव्हा माती चिखलासारखी ओली, मुळे तपकिरी आणि कुजका वास येणारी होती. कुंडीची छिद्रे मातीने बुजली होती. किडीचा काहीच संबंध नव्हता.

आधी हे तपासा

- माती : बोट दोन पेरांपर्यंत घाला. माती कोरडी आणि झाड कोमेजलेले असेल तर पाणी कमी पडते आहे. माती ओली असूनही झाड कोमेजत असेल तर मुळे तपासा.
- नुकसानीची जागा : फक्त उन्हाच्या बाजूची पाने करपली असतील तर उन्हाचा चटका समजावा. पानांच्या कडा जळालेल्या आणि मातीवर पांढरा थर असेल तर क्षार साचले आहेत. बोअरच्या पाण्यावरील कुंड्यांत हे नेहमी दिसते.
- पानांचे वय : जुनी, खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची कमतरता. नवीन पाने पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता.
- पानाची खालची बाजू : रस शोषणाऱ्या बहुतेक किडी तेथेच असतात. पांढरा कागद धरून त्यावर पान झटका. बारीक ठिपके चालू लागले तर कोळी किंवा फुलकिडे आहेत.
- रात्रीची पाहणी : रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन गच्चीवर जा. गोगलगाय आणि अनेक अळ्या याच वेळी बाहेर येतात.

लक्षणांवरून ओळख

*पाने कुरतडलेली :* छिद्रे आणि खाली काळी-हिरवी विष्ठा असेल तर अळी. लिंबू व कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबूवर्गीय फुलपाखराची असते, मोठी झाल्यावर ती हिरवी होते. वाळलेला, चकाकणारा चिकट पट्टा दिसला तर गोगलगाय. गुलाबाच्या पानांच्या कडेला कातरल्यासारखे गोल काप दिसले तर ते पानकापी मधमाशीचे काम आहे. ती परागीभवन करते, त्यामुळे काहीही फवारू नये.

*पाने वळलेली :* मिरचीची पाने वरच्या बाजूला वळली तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली तर कोळी असण्याची शक्यता जास्त. पाने आकसून झाड खुजे राहिले असेल तर विषाणूजन्य बोकड्या. असे झाड उपटून टाकावे. तो पांढरी माशी पसरवते.

*पाने चिकट, खोडावर मुंग्या :* मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण हमखास येतो.

*फळांचे नुकसान :* टोमॅटोच्या टोकाला काळा, दबलेला डाग हा बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळे फळाला कॅल्शियम न पोहोचल्याचा परिणाम असतो. कारली, दोडक्याचे फळ वाकडे होऊन सडत असेल तर फळमाशी. दातांच्या खुणा उंदीर किंवा खारीच्या, तर चोचीने पाडलेली भोके पक्ष्यांची.

*झाड अचानक कोलमडणे :* मुळाशी इंग्रजी 'सी' आकाराची पांढरी अळी असेल तर हुमणी. ती बहुधा न कुजलेल्या शेणखतातून येते. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमी. ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये.

उपाय

1. अळ्या व गोगलगायी हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.
2. मावा व कोळी असल्यास पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा.
3. 50 ग्रॅम निंबोळी पावडर थोड्या पाण्यात रात्रभर भिजवून गाळावी, अर्क एकूण 1 लिटर करावा. हा 5 टक्के निंबोळी अर्क ताजाच, सायंकाळी फवारावा.
4. पांढरी माशी व माव्यासाठी पिवळे, फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावावेत. कारली, दोडक्यासाठी फळमाशीचे कामगंध सापळे वापरावेत.
5. कुंड्या विटांवर ठेवाव्यात, म्हणजे पाण्याचा निचरा होतो आणि तापलेल्या स्लॅबची झळ कमी लागते.
6. उंदीर, खार, पक्षी यांच्यासाठी जाळी हाच खरा उपाय. घरात लहान मुले असतील तर गच्चीवर विषारी आमिष ठेवू नये.

शेतातील उरलेले कीटकनाशक गच्चीवर वापरू नये. त्याची मात्रा व काढणीपूर्व कालावधी लेबलवरील पिकासाठीच ठरवलेला असतो. विस्तार कार्यकर्त्यांनीही केवळ फोनवरील वर्णनावरून औषध सुचवू नये. पानाची खालची बाजू, मुळे आणि कुंडीचा तळ, असे तीन फोटो मागवावेत. बरीच प्रकरणे फवारणीशिवायच सुटतात.