बापाच्या सहीवाचून अडत नाही

खामगाव, चिखली किंवा मलकापूरला ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानात एखादी बाई लेकराचा पासपोर्ट काढायला गेली, की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, याच्या पप्पांची सही आणली का?" नवरा वारलेला असो, सोडून गेलेला असो, की कोर्टात भांडत असो, प्रश्न तोच. बरेचदा अर्ज तिथेच राहतो. दुबईतल्या भावाकडे सुट्टीत जायचा बेतही तिथेच संपतो.

वस्तुस्थिती अशी. मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघे राजी असतील तर परिशिष्ट 'डी' नावाचं घोषणापत्र लागतं. एकाची संमती मिळत नसेल, तर परिशिष्ट 'सी' आहे. मूल माझ्याकडे आहे आणि दुसऱ्याची संमती का मिळालेली नाही, हे त्यात एकट्या पालकाने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. डिसेंबर 2016 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम सैल केले. तेव्हापासून ही घोषणापत्रं साध्या कागदावर चालतात. नोटरी लागत नाही की दंडाधिकाऱ्याचा शिक्का लागत नाही. अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचं नाव पुरतं. घटस्फोटित स्त्रीला जुन्या नवऱ्याचं नाव लिहायची सक्ती नाही.

नियम असला तरी खिडकीवर अडवणूक होते, हे मात्र खरं. पुण्याच्या एका सतरा वर्षांच्या मुलीची निवड जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी झाली होती. आईवडिलांचा वाद कोर्टात, वडिलांची हरकत. आईने परिशिष्ट 'सी' भरून दिलं होतं, तरी पासपोर्ट कार्यालयाने वडिलांचं ना-हरकत पत्र मागितलं. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि अद्वैत सेठना यांनी जानेवारी 2025 मध्ये मुलीच्या बाजूने निकाल दिला. परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो, आणि पालकांच्या भांडणापायी मुलीची संधी हिरावता येत नाही, असा त्याचा आशय. आपला बुलडाणा जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो, आणि पासपोर्टचे नियम पुण्याला एक अन् नागपूरला दुसरे असे नसतात. कुणी तोंडी नाही म्हटलं, तर कारण लेखी मागा.

याच्या उलट टोकाचा गैरसमज जास्त धोक्याचा आहे: 'पासपोर्ट हातात आला, आता कोण अडवतंय?' ताब्याचा दावा चालू असेल आणि मुलाला देशाबाहेर नेऊ नये असा हुकूम असेल, तर तो पासपोर्टापेक्षा मोठा. अशा वेळी आधी न्यायालयाची परवानगी घ्यायची. घोषणापत्रात दाव्याची गोष्ट लपवली तर पासपोर्ट जप्त होऊ शकतो. पासपोर्ट कायदा, 1967 च्या कलम 12 नुसार खोटी माहिती देणं हा गुन्हाही आहे.

ज्यांचा जोडीदार गेला, त्यांना वाटतं की कोर्टातून पालकत्वाचा हुकूम आणावा लागेल. जन्मदात्या आईला किंवा बापाला तो सहसा लागत नाही. मृत्यूचा दाखला लागतो. त्यातही एक मेख आहे. जन्म-मृत्यूची नोंद जिथे घटना घडली तिथे होते. नवरा अकोल्याच्या दवाखान्यात वारला असेल, तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळणार नाही, अकोला महापालिकेत मिळेल. तिथे नाव 'रामराव' आणि लेकराच्या जन्मदाखल्यावर 'रामा' असेल, तर ती दुरुस्ती अर्ज भरण्याआधी करून घ्या. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या स्पेलिंगांतच जातो. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो.

घटस्फोटानंतर आईने माहेरचं आडनाव घेतलं आणि मुलाचं वडिलांचंच राहिलं, तर परदेशी विमानतळावर 'हे मूल तुमचंच का?' असं विचारलं जाऊ शकतं. आईचं नाव असलेला जन्मदाखला आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत जवळ असली की उत्तर देता येतं.

पासपोर्ट आणि व्हिसा यांचीही गल्लत होते. पासपोर्ट आपलं सरकार देतं, आत घ्यायचं की नाही ते दुसरा देश ठरवतो. त्यामुळे आपल्याकडे न लागलेलं संमतिपत्र तिथे मागितलं जाऊ शकतं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी साधारणपणे दुसऱ्या पालकाची संमती, नाहीतर मृत्यूचा दाखला किंवा ताब्याचा हुकूम मागतात. अमेरिका आणि कॅनडा नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवायला सांगतात. पत्रात मुलाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, सोबत कोण, कुठे, कोणत्या तारखांना आणि सही करणाऱ्याचा फोन एवढं हवं. ते इंग्रजीत लिहा, मराठी हुकूमनाम्याचा इंग्रजी अनुवादही करून घ्या.

नोटरीचा शिक्का म्हणजे जगभर मान्यता, असंही नाही. काही कामांसाठी दाखल्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र लागतं. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिल मानणाऱ्या देशांच्या करारात नाही, म्हणून तिथल्या कामासाठी दूतावासाचं साक्षांकन लागतं. निव्वळ फिरायला जाणाऱ्याने हा खर्च करण्याआधी त्या देशाच्या व्हिसा केंद्राची यादी पाहावी.

आणि पशुपतिनाथाला निघालेल्यांसाठी: नेपाळला जायला पंधरा वर्षांखालच्या भारतीय मुलाला पासपोर्ट लागत नाही, फोटो असलेलं ओळखपत्र पुरतं. पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं ओळखपत्र चालतं.

जन्मदाखला, हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला, आणि संमतिपत्र: मूळ कागद खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. विमानात टाकायच्या मोठ्या बॅगेत ठेवलेत, तर खिडकीवर विचारल्यावर ते दाखवता येणार नाहीत.