काखेतल्या तुकड्यातून नवी त्वचा

त्वचा म्हणजे आपल्या शरीराचं कुंपणच. ती खोलवर भाजली की अंगातलं पाणी निघून जातं, जंतू आत शिरतात. म्हणून जखम लवकर झाकावी लागते. दुसऱ्याची त्वचा शरीर कायमची स्वीकारत नाही. मग झाकायला स्वतःचीच उरली नसेल तर?

१९८३ मध्ये अमेरिकेत ५ आणि ६ वर्षांच्या दोन भावांचं ९५ टक्क्यांहून जास्त अंग भाजलं. हॉवर्ड ग्रीन यांच्या पद्धतीने त्यांच्या काखेतल्या छोट्या तुकड्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि ते पातळ थर जखमांवर लावले. दोघंही वाचले!

मुलांना हे शिकवताना एवढं नक्की सांगा : भाजल्यावर टूथपेस्ट नको, आधी २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, मग लगेच डॉक्टर.